वसंत गच्चीवर, निवांतपणा पारावर

पुण्या-मुंबईहून चार दिवसांसाठी तालुक्याच्या गावी आलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी हमखास म्हणतो, ‘तुमचं बरंय बुवा, सगळं कसं निवांत!’ चौथ्या दिवशी तो परतीची गाडी पकडतो, त्यामुळे स्वतःचं विधान तपासून पाहायची वेळ त्याच्यावर येत नाही. ती जबाबदारी मग वर्तमानपत्रातल्या सदरवाल्यांवर येऊन पडते. आमचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पारावर जायची घाई आहे त्यांना इथंच पान उलटता येईल. गावात निवांतपणा आहे. चांगला मुबलक आहे. पण त्याची अवस्था नगरपरिषदेच्या पाणीयोजनेसारखी आहे: उद्भव बारमाही, टाकी काठोकाठ आणि वाटपाच्या नावानं बोंब. मुख्य वाहिनी निघते ती थेट पारावर जाते. तिथून तिला पानटपरी, सलून, पतसंस्थेची पायरी असे फाटे फुटतात. स्वयंपाकघरात जे पोचतं ते थेंब थेंब, आणि गच्चीवर चढण्याइतका दाब तर कधीच नसतो. पंचाईत अशी की, वसंत ऋतू नेमका गच्चीवर असतो.

आता वसंत म्हणजे नेमका कधी, यावरही एकमत नाही. पंचांग म्हणतं, चैत्र-वैशाख. भारतीय हवामान खात्याच्या यादीत वसंत नावाचा ऋतूच नाही. मार्च ते मे हा काळ त्यांच्या लेखी ‘मान्सूनपूर्व’, म्हणजे स्वतःचं नावही नसलेला, पुढच्याची वाट बघत दारात उभा राहिलेला. सरकारी कचेरीला फक्त मार्चअखेर कळते. सरकारनं 1957 साली स्वतःची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, तिच्यात चैत्राचा पहिला दिवस 22 मार्चला येतो, लीप वर्ष असेल तर 21 ला. पण त्या दिवशी कुठल्या तहसील कचेरीत नव्या वर्षाचे पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. उरलेला निधी 31 तारखेच्या आत कुठं जिरवायचा, या विवंचनेत सगळे असतात. पारावरच्या मंडळींचा वसंत पिंपळाला तांबूस पालवी फुटली की सुरू होतो, कारण ती त्यांच्या डोक्यावरच फुटते. घरातल्या बाईचं शास्त्र याहून रोकडं आहे. गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला आणि चटका बसला, की वसंत आला. मग कोकीळ ओरडो न ओरडो, कुरडयांचे गहू भिजत पडतात.

नमुन्यादाखल एक आठवडा घेऊ. 2025 साली पाडवा 30 मार्चला, रविवारी आला. शके 1947 सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी आर्थिक वर्ष संपलं. नवं वर्ष आधी आणि जुन्याचा शेवट नंतर, हे आपल्याकडेच जमतं. जोडपंही नमुन्याचंच घेऊ. तो पतसंस्थेत, वसुलीला. ती ‘काही करत नाही, घरीच असते’. हे शब्द आमचे नाहीत. शाळेच्या अर्जापासून विमा एजंटच्या फॉर्मपर्यंत जिथं जिथं तिचा व्यवसाय विचारला जातो, तिथं तिथं तो ते सांगतो, आणि त्यात त्याला काही खोटं बोलतोय असं वाटत नाही. गाव ‘क’ वर्ग नगरपरिषदेचं, म्हणजे 40 हजारांच्या आतलं. नळाला पाणी चौथ्या दिवशी. हे वाचून कुणी हळहळू नये. मनमाडकरांनी पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणाऱ्या नळाचे उन्हाळे काढलेत, आणि लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर. त्या मानानं चौथा दिवस म्हणजे सुकाळच म्हणायचा. तक्रार करायची म्हटली तरी त्या वर्षी बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, त्यामुळे शिव्या नेमक्या कुणाच्या दारात जाऊन द्यायच्या, हाही प्रश्नच होता.

पुरावा म्हणून कुणाच्या सासूचं मत घेण्यापेक्षा सरकारचंच घेऊ. देशातली माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, हे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय घरोघर जाऊन विचारतं. 2019 साली विचारलं आणि 2024 साली पुन्हा विचारलं. हे सर्वेक्षण दिवस मोजतं तो पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे 4 पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे खण पाडून. दिल्लीत बसून दिवसाची सुरुवात पहाटे चारला धरणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या घरी कुरडया होत असाव्यात, असा आमचा दाट संशय आहे. तर 2024 चा आकडा असा: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा 88. पुरुषवर्गानं इथंच पेन खाली ठेवून ‘बघा, आम्हीही दीड तास करतो’ असं म्हणू नये. कारण ही 88 मिनिटं सगळ्या पुरुषांची नाहीत, जे करतात त्यांची आहेत, आणि करणारे शंभरात 27. बायकांत तेच प्रमाण 81 च्या वर. त्या 27 जणांची मेहनत सगळ्या शंभर जणांत वाटून टाकली, तर दरडोई 24 मिनिटांच्या आसपास येतात. शिवाय बाजारहाट आणि आपल्या गाडीची देखभाल हीसुद्धा घरकामातच मोजतात, हे ध्यानात घ्यावं. म्हणजे रविवारी सकाळी अंगणात मोटरसायकल पुसत जो दीड तास जातो, आरसे वर्तमानपत्राच्या कागदानं, चाकाच्या तारा जुन्या टूथब्रशनं, तो राष्ट्राच्या दप्तरी घरकाम म्हणूनच पडणार. (वर्तमानपत्राचा तो उपयोग आम्हाला ठाऊक आहे. त्यात हे सदर असलं तरी आमची हरकत नाही.)

आता गच्चीवर येऊ. कुरडई ही तळल्यावर दीड मिनिटात संपणारी वस्तू आहे, आणि ती करायला सोमवारी सुरुवात करावी तेव्हा शुक्रवारी ती कागदावर पडते. सोमवारी गहू भिजत घालायचे. मंगळवारी पाणी बदलायचं, बुधवारी पुन्हा बदलायचं. तोवर गव्हाला आंबूस वास सुटतो आणि घरात येणारा प्रत्येक जण ‘कसला वास येतोय?’ असं विचारून जातो. गुरुवारी ते वाटायचे, गाळायचे, चोथा वेगळा करायचा आणि चीक रात्रभर निवळत ठेवायचा. शुक्रवारी पहाटे वरचं पिवळट पाणी अलगद ओतून दिलं, की तळाशी खडूसारखा पांढराशुभ्र चीक सापडतो. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून तो ओतायचा आणि मग हाटायचा. ‘हाटणं’ हे क्रियापद शहरात मेलंय, गावात ते मनगटाला माहीत आहे. एका हातानं पातेलं धरून दुसऱ्या हातानं लाकडी दांडा फिरवत राहायचं. क्षणभर थांबलात तर गुठळी, आणि गुठळी झाली तर सोऱ्यातून तार निघत नाही. चिकाचा पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा दिसायला लागला की झाला. तो गरम असेतोच गच्चीवर नेऊन घालायचा, ऊन वर यायच्या आत. सोऱ्या पोळत असतो म्हणून पदराचं टोक हाताला गुंडाळायचं. हे सगळं कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवलं असतं तर त्याला प्रात्यक्षिक म्हटलं असतं आणि गुण दिले असते.

या आठवड्यात नळाला पाणी कधी येणार होतं? सोमवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारी कधी? ते फक्त व्हॉल्व्हमनला ठाऊक. (गावात नगराध्यक्ष कोण, हे विचारलं तर लोक विचारात पडतात, व्हॉल्व्हमनचं घर शेंबडं पोरही दाखवतं.) साधारण साडेचारला आधी नळातून हवा फुसफुसते, मग गढूळ गुळणी, मग धार. आणि बरोबर त्याच वेळी चीक हाटायला आलेला. गच्चीच्या जिन्यातून हाक येते, ‘अहो, नळ आला का बघा!’ खालून आवाज, ‘बघतो गं.’ तो उठतो, नाही असं नाही. मोटर लावतो. टाकी भरेपर्यंत ओट्यावर बसतो. मोटर बंद करतो आणि झोपतो. साडेनऊला पारावर हजर झाल्यावर सांगतो, ‘पहाटे साडेचारला उठलोय, पाणी भरलं.’ यात एक अक्षर खोटं नाही. सर्वेक्षणवाला आला असता, तर त्यालाही त्यानं हेच सांगितलं असतं आणि त्याच्या खणात ते बसलंही असतं. तिच्या अर्ध्या तासाच्या खणात मात्र चीक, नळाकडं कान, शाळेचा डबा, कावळ्यांकडं डोळा आणि उतू जायच्या बेतात असलेलं दूध असं सगळं एकदम येतं. एका खणात एवढं मावत नाही, मग त्यातलं काहीतरी सांडतं. जे सांडतं ते कुठल्याही आकड्यात येत नाही.

इथं पारावरून पहिला आक्षेप येणार: मार्चअखेरीला पुरुष काय झोपा काढतो का? वसुली म्हणजे गंमत नाही. मान्य. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावातला अर्धा पुरुषवर्ग दुसऱ्या अर्ध्याकडून पैसे मागत फिरत असतो. नगरपरिषद घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या दारात ढोल-ताशे वाजवते, दर महिन्याला 2 टक्के शास्तीची आठवण करून देते, नळ तोडायची धमकी देते. चौथ्या दिवशी येणारा नळ तोडण्याची धमकी, ही विनोदाची एक उच्च पातळी आहे, पण ते असो. आपल्या नमुन्यातला गृहस्थही भर उन्हात मोटरसायकलवरून कर्जदारांची घरं हुडकत फिरतो, शिव्या खातो, उन्हानं काळवंडतो. त्याचे कष्ट खरे आहेत. पण या कष्टांचे तीन गुण आहेत. त्यांना नाव आहे: ‘मार्च एंड’. त्यांना तारीख आहे: 31. आणि त्यांना चहा आहे. तो जिथं वसुलीला जातो तिथं, थकबाकी कितीही जुनी असो, आतून कपबशी येतेच. ती थकबाकीदार करत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ‘दमलो गं’ म्हणायची सोय आहे, आणि तेही ऐकायला कुणीतरी आहे. तिच्या कामाला ना नाव, ना 31 तारीख. कुरडया संपल्या की साबुदाण्याच्या चिकवड्या, त्या संपल्या की बटाट्याचा कीस, सांडगे, पापड. मग वर्षाची मिरची देठं खुडून डंकावर नंबर लावायचा, मग गव्हाला एरंडेल चोळून कोठी भरायची. ‘एप्रिल एंड’ असं कुणी म्हणत नाही, कारण एप्रिल संपतो आणि काम संपत नाही.

दुसरा आक्षेप हुशार माणसांचा: आता घरी कोण करतं हो हे? बचत गटाच्या कुरडया पाकिटात मिळतात, तिखटही मिळतं. खरं आहे, मिळतात. मग त्या कुठल्या गच्चीवर वाळल्या, एवढाच आमचा प्रश्न आहे. काम नाहीसं झालं नाही, फक्त दोन गल्ल्या पलीकडं सरकलं, आणि सरकल्याबरोबर त्याला किंमत आली. तोच चीक, तीच पहाट, तोच पदराचा चटका. स्वतःच्या घरी केला तर ‘घरीच असते’, पाकिटात भरला तर ‘उद्योजिका’. त्यातून ज्या घरात विकतचं येतं, तिथं पहिला घास मोडताना ‘यंदा विकतच्या वाटतं?’ असा प्रश्न पडतोच. तो प्रश्न बहुधा ज्यानं उभ्या आयुष्यात सोऱ्याला हात लावलेला नाही, त्यालाच पडतो.

तिसरा आक्षेप मात्र सगळ्यात भक्कम आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. बायकांना हे आवडतं. चार घरच्या चारजणी एका गच्चीवर जमतात, हसतात, सासरच्यांची यथेच्छ खबर घेतात, ओली कुरडई चाखतात. पुरुषाला पारावर जे मिळतं ते त्यांना तिथं मिळतं. हे नुसतं खरं नाही, तर पारापेक्षा गच्ची कितीतरी सरस आहे, असंच आमचं मत आहे. पारावर एकच विषय तीस वर्षं चालतो; गच्चीवर एका सकाळी एका लग्नाचा, दोन आजारांचा आणि एका जमिनीच्या वादाचा निकाल लागतो. शिवाय हातांतलं ज्ञान तिथं एका पिढीकडून दुसरीकडं जातं. पण पारावरचा निवांतपणा आणि गच्चीवरचा आनंद यांत एक बारीक फरक आहे. पारावर आज गेलो नाही, तर कुणी विचारत नाही. विचारलं तर ‘कंटाळा आला’ हे उत्तर चालतं. गच्चीवर ‘यंदा कंटाळा आला, कुरडया नकोत’ असं एखादीनं म्हणून पाहावं. माहेरी फोन जाईल. हसत केलेलं काम हे कामच असतं. पारावरचा गृहस्थ वसुलीला गेल्यावर तिथंही चार विनोद करतो, म्हणून पतसंस्था त्याचा पगार कापत नाही.

सरकारला हे सगळं कळत नाही असं नाही; त्याच्या पद्धतीनं कळतं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास आहे. चांगली योजना आहे, बस भरभरून जातात. पाडव्याला माहेरी जायचं तर तिला अर्धं तिकीट, त्याला पूर्ण, आणि डब्यांच्या पिशव्यांना तिकीट नाही; त्या पिशव्या कुणाच्या हातात असतात, ते स्टँडवर जाऊन बघावं. जुलै 2024 पासून लाडक्या बहिणीला महिना 1,500 रुपये मिळू लागले. ही रक्कम घरकामाचा मोबदला नाही, उत्पन्नाची अट आहे, हे आम्हाला माहीत आहे. तरीही हिशेबाची खोड जात नाही. रोजची 289 मिनिटं गुणिले 30 म्हणजे महिन्याचे 144 तास आणि वर अर्धा. 1,500 ला त्यानं भागलं तर तासाला 10 रुपये आणि थोडी चिल्लर येते. किलोभर मिरची कांडून द्यायला डंकवाला यापेक्षा जास्त घेतो, आणि मिरची तुमचीच असते.

राहता राहिला रविवार, प्रत्यक्ष पाडवा. गुढी तो उभारतो, हे मान्य करायला हवं. काठी धुवून आणि पुसून ठेवलेली असते, साडी इस्त्रीची काढून ठेवलेली असते, गाठी, कडुनिंबाचा डहाळा, तांब्या सगळं ताटात मांडलेलं असतं. तो काठीला तांब्या उपडा घालतो, दोरी आवळतो आणि कुणीतरी फोटो काढतं. मग पंचांग ऐकून पारावर यंदा पाऊस किती, याचा निकाल लागतो. श्रीखंड-पुरी खाऊन दुपारी गावावर जी सुस्ती चढते, तो आपल्या पाहुण्याचा आवडता निवांतपणा. रस्त्यावर कुत्रं हलत नाही. अशा वेळी एक जण मात्र गच्चीवर काठी घेऊन बसलेली असते, कारण कावळ्यांना पाडव्याची सुट्टी नसते. काठीला काळं फडकं बांधलेलं असतं, मांडीवर तांदूळ निवडायचं ताट. सोमवारी 31 तारीख आली आणि त्याच दिवशी ईदही. शेजारच्या खिडकीतून शीरखुर्म्याचं पातेलं आलं, त्यातल्या शेवयाही कुणाच्या तरी गच्चीवरून उतरलेल्या. पतसंस्थेचा हिशेब रात्री उशिरापर्यंत चालला आणि एकदाचा जुळला. मंगळवारी त्यानं सगळ्यांना सांगितलं, ‘आता दोन महिने निवांत.’ त्याच मंगळवारी पुन्हा नळ यायचा होता आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी कैऱ्या आणायच्या होत्या.

केवळ टीका केली असं होऊ नये म्हणून एक विधायक सूचना करतो. नगरपरिषद पाण्याचं जसं वेळापत्रक लावते, तसं निवांतपणाचंही लावावं. सम तारखेला पार, विषम तारखेला गच्ची. विषम तारखेला पारावरची सगळी मंडळी काठी घेऊन गच्चीवर बसतील आणि घरच्या बायका पिंपळाखाली. अंमलबजावणी व्हॉल्व्हमनकडं द्यावी. गावात त्याचंच ऐकतात. प्रस्ताव पारावर मांडला गेला असता बराच वेळ शांतता होती. मग एका ज्येष्ठानं विचारलं, ‘पण विषम तारखेला आमचा चहा कोण करणार?’ यावर समिती नेमायचं ठरलं आहे. गावातल्या कावळ्यांनी मात्र प्रस्तावाला एकमुखानं पाठिंबा दिला असून, पारावरची मंडळी राखणीला बसलेल्या गच्च्यांची ते आतुरतेनं वाट पाहत आहेत.